नाव नाही, तर बोलणं नाही

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. चारशेच्या वर माणसं. कुणाचं दुकान, कुणाची टपरी, कुणी कपड्यांच्या कारखान्यात पगारी मेकॅनिक. दिवसभर हे लोक एकमेकांना फोटो पाठवत असतात. झिजलेले दाते, तुटलेल्या स्प्रिंगा, कुठल्याशा मशीनमधून निघालेला आणि आता कुठेच बसत नसलेला एखादा स्क्रू. बाहेरच्या माणसाला त्यात काडीचा रस वाटायचा नाही. पण त्या चारशेंना विचारा, ते सांगतील, एवढा सभ्य ग्रुप दुसरा दाखवा. आणि सभ्य झाला तो ताईंमुळे, हेही सांगतील. गोष्ट त्या ताईंचीच आहे, पण ती त्यांच्या कौतुकाची नाही. निदान मधला भाग तरी नाही.

ताई चोपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ. किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध त्यांचं दहा बाय आठचं दुकान. दारात लांबट टेबल, टेबलावर दिवा, भिंतीला खिळ्यांवर ओळीने टांगलेले पट्टे, आणि आत जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा. लग्नाआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होत्या. मशीन बंद पडलं की मेकॅनिकची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं, हे काही त्यांना जमेना. मेकॅनिक आला की त्या मान वाकडी करून तो काय करतो ते बघत राहायच्या. एक दिवस तो यायच्या आधी त्यांनीच झाकण उघडलं, शटलमध्ये अडकलेला दोऱ्याचा गोळा चिमट्याने काढला आणि मशीन चालू केलं. सुपरवायझरने शाबासकी द्यायची, तर त्याने नोटीस दिली. मशीनला हात लावायचं काम त्यांचं नव्हतं म्हणे. ती नोटीस पर्समध्ये कोंबून त्या थेट वस्तादांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

वस्ताद म्हणजे जुन्या बाजारातले मशीन दुरुस्तीवाले. तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. हे बायकांचं काम नाही, असं त्या काळी सगळेच म्हणत. वस्ताद तसलं काही म्हणाले नाहीत, कारण मुळात ते बोलायचेच कमी. त्यांनी एक मशीन पुढ्यात सरकवलं आणि म्हणाले, "उघड."

ताईंनी ते मागे कलतं केलं. मशीनच्या पोटात, पत्र्याला चिकटवलेली एक चिठ्ठी होती. तारीख, काय काम केलं ते, आणि खाली पूर्ण नाव. शेजारी दुसरी, पिवळी पडलेली. तिच्याशेजारी तिसरी, त्याहून जुनी. वस्तादांच्या दुकानाची ती रीत होती. मशीन उघडलं की आत चिठ्ठी ठेवायची. काय केलं ते लिहायचं, आणि कुणी केलं तेही लिहायचं.

"गिऱ्हाईक ती बघत नाही," वस्ताद म्हणाले. "पुढे उघडणारा बघतो. त्याला कळायला नको, शिव्या कुणाला घालायच्या?"

ताईंनी तिथे सोळा वर्षं काढली आणि मग आपलं दुकान थाटलं. चिठ्ठीची रीत तिथेही चालू ठेवली.

ग्रुप काही ताईंनी काढलेला नव्हता. त्या आल्या तेव्हा तिथे नुसता धिंगाणा होता. एकाचं नाव 'सुईसम्राट', एकाचं 'काळा बिबट्या', आणि एकाने तर 'तुझा बाप' हेच नाव घेतलेलं. प्रश्न राहायचा बाजूला आणि आईबहिणींचा उद्धार व्हायचा. एकदा नव्याने धंद्यात आलेल्या एका मुलीने बॉबिन केसबद्दल साधं काहीतरी विचारलं. उत्तर आलं, आधी भांडी घासायला शिक. ती मुलगी त्याच दिवशी ग्रुपमधून गेली. ताई भडकल्या. ॲडमिन बिचारा कंटाळलेलाच होता, त्याने सगळा कारभार ताईंच्या गळ्यात टाकून सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी ताईंनी नियम लावला. पूर्ण नाव, गाव, आणि आपल्या कामाच्या टेबलाचा फोटो. नाव नाही, तर बोलणं नाही.

आठवड्यात नव्वदएक जण निघून गेले. "जाऊ देत," ताई म्हणाल्या. "त्यांना नाव नव्हतंच, नुसतं तोंड होतं." उरले ते माणसांसारखे बोलायला लागले. यात जादू काही नाही. खाली आपलं नाव येणार म्हटलं की माणूस लिहिलेलं दोनदा वाचतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे निनावी माणसालाच परवडतं.

वस्तादांना ग्रुपवर आणलं तेही ताईंनीच. फोन कसा धरायचा इथपासून शिकवलं. आता वस्ताद चौऱ्याहत्तर वर्षांचे. पंधरा दिवसांतून एखादा फोटो टाकायचे, खाली दोन-तीन शब्द. त्यावर साठ-सत्तर जण तुटून पडायचे. वा वस्ताद, हात जोडले वस्ताद. आणि ताई एकेक गोष्ट फोटोवर बाण काढून, समजावून, पानभर लिहायच्या, त्याला उत्तरं यायची पाच. ताईंना ते लागायचं. कुणाजवळ बोलल्या नाहीत, पण लागायचं.

आणखीही एक होतं. वर्षभरात वस्तादांच्या हाताखालून गेलेली काही मशीनं फिरून ताईंकडे आली होती, आणि त्यांत बारीकसारीक चुका होत्या. ताईंनी त्या गुपचूप नीट करून दिल्या. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही आणि वस्तादांना तर नाहीच नाही. वस्तादांना सांगणार कोण? सोळा वर्षांत त्यांना 'तुमचं चुकलं' असं कुणी म्हटल्याचं ताईंनी ऐकलं नव्हतं. त्यामुळे मनात आदर होता तसा साठलेला वैतागही होता, आणि दोन्ही तोंडाबाहेर पडत नव्हते.

एका मंगळवारी दुपारी वस्तादांनी फोटो टाकला. केव्हाच बंद पडलेल्या एका कारखान्याचं जुनं मशीन. पुढचं झाकण काढलेलं, आत सुईची दांडी दिसतेय. आता या दांडीवर कारखान्याने एक बारीक रेघ कोरलेली असते. सुई पुरती खाली गेली की ती रेघ ठरल्या जागी यायला हवी, नाहीतर टाका बसत नाही. या धंद्यात शिरणारा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. आणि इथे ती खूण जागेपासून चांगली दोन मिलिमीटर खाली उतरलेली. खाली वस्तादांनी लिहिलेलं, "असंही बसतं."

वा वस्ताद. हात जोडले वस्ताद. साठ जण.

ताईंचा तिळपापड झाला. एकालाही खूण दिसत नाही? का वस्ताद म्हटल्यावर सगळ्यांनी डोळे मिटून घ्यायचं ठरवलंय? त्यांनी लिहायला फोन उचलला आणि ठेवला. ज्यांनी हातात पहिला स्क्रू ड्रायव्हर दिला त्यांना चारशे जणांत चुकलात म्हणायचं? मग मनात आलं, फोन करून हळूच सांगावं. पण तसं केलं तर ती साठ जणांची वाहवा होती तिथेच राहिली असती. हे खरं कारण ताईंनी त्या वेळी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं अर्धं शटर ओढून त्या आत बसल्या आणि त्यांनी एक माणूस तयार केला. नाव-आडनाव असं, की कुणाचंही असू शकेल. गाव लांबचं. अनुभव वीस वर्षांचा. टेबलावर जुनी चादर पसरून फोटो काढला, म्हणजे टेबल ओळखू येऊ नये. त्या माणसाने ग्रुपमध्ये यायचा अर्ज केला, आणि ॲडमिनने, म्हणजे ताईंनीच, तो मंजूर केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग त्या माणसाने वस्तादांच्या फोटोखाली लिहिलं: "खूण कुठे आहे बघा. अशाने दांडी कापड दाबणाऱ्या फुटावर आपटून मशीन महिन्याभरात भंगारात जाईल. डोळ्यांनी साथ सोडली की माणसाने हातातला पाना खाली ठेवावा."

पहिलं वाक्य धंद्याचं होतं. दुसरंही खपून गेलं असतं. तिसरं कुठून आलं, ते ताईंना पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. लिहिताना मात्र बरं वाटलं होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. दोन मिनिटं फार बरं वाटलं.

तासाभरात वारं फिरलं. "खरंच की, खूण खाली आहे." "मला वाटलंच होतं, पण म्हटलं मोठ्या माणसाला कशाला बोला." एकाने तर वस्तादांनी सहा वर्षांपूर्वी केलेलं कुठलं तरी काम उकरून काढलं. आणि हे सगळे नावानिशी बरं का. एकाने बुरखा घालून दार ढकललं की मागून उघड्या तोंडाचेही आत शिरतात. नियम लावताना ताईंना हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी वस्तादांचं उत्तर आलं. "आपली ओळख नाही. पण आडून न बोलता आपल्या नावाने बोललात, हे बरं केलंत. डोळ्यांचं मलाही हल्ली वाटतं. बघतो."

ताईंनी ते चार वेळा वाचलं.

दोन दिवसांनी वस्तादांचा फोन.

"ग्रुपवरचं वाचलंस ना पोरी?"

"वाचलं."

"तुला काय वाटतं?"

इथे सांगता आलं असतं. ताई म्हणाल्या, "फोटोवरून काय कळतंय, वस्ताद."

"त्या माणसाला कळलं." मग ते म्हणाले, "मी महिनाअखेर दुकान सोडतोय. हत्यारं कुणाला हवी असतील तर ग्रुपवर विचार. आणि फोटोतलं मशीन ज्या शिवणवालीचं आहे तिला सांगितलंय, ते तुझ्याकडे घेऊन जा म्हणून. तू एकदा बघ. तुझ्या नजरेखालून गेलं म्हणजे मी निश्चिंत."

"एवढी घाई कशाला?" एवढंच ताईंना म्हणता आलं. त्यावर वस्ताद नुसते हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे आता प्रश्न नुसत्या एका कमेंटचा राहिला नव्हता. पन्नास वर्षं चाललेलं दुकान बंद होणार होतं, आणि ते बंद करायला सांगणारा माणूस जन्मालाच आलेला नव्हता. ताईंना हे कळत होतं. पण त्यांनी मनाची एक समजूत काढली: वागणं वाईट झालं असेल, पण दांडी तर चुकीचीच बसवली आहे ना? काम चुकलंय, हे तर खरं? त्या समजुतीवर त्यांनी तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी शिवणवाली मशीन घेऊन आली. ही शाळेचे गणवेश घरी शिवून देणारी बाई. "मशीन झकास चाललंय हो ताई," ती म्हणाली, "पण वस्ताद ऐकेनात. म्हणाले, ताईंना दाखवाच."

कुठलंही मशीन समोर आलं की ताई आधी एक चिंधी घालून टाके बघतात. तीस वर्षांची सवय. त्या दिवशी बघितले नाहीत. त्यांना काय बघायचं ते आधीच माहीत होतं. सरळ पुढचं झाकण काढलं, दांडीचा स्क्रू सैल केला, दांडी दोन मिलिमीटर वर सरकवली आणि खूण कशी जागच्या जागी आणून बसवली. शिवणवालीला म्हणाल्या, "हे असं असतं." मग कापड घातलं.

टाके सुटायला लागले. चार बसले की दोन गायब. सुई बदलली, तेच. दोरा बदलला, तेच. तिसऱ्या सुईला ताईंच्या कपाळावर घाम आला. असलं मशीन उभ्या आयुष्यात त्यांच्या हाताखालून दोनदाच गेलं होतं. शेवटी त्यांनी ते मागे कलतं केलं, आणि पोटात वस्तादांची चिठ्ठी होती.

"या मशीनची मूळ सुई आता कुठेही बनत नाही. हल्लीची सुई दोन मिलिमीटर आखूड. म्हणून दांडी तेवढी खाली घेतली आहे. पुढे उघडणाऱ्याने ती खुणेवर नेऊ नये." तारीख. पूर्ण नाव. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. डोळ्यांचं जे काय झालं होतं ते अक्षरात होतं, कामात नव्हतं.

काम बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हतं, ते त्यांना स्वतःला सुचलं नसतं. त्यांनी दांडी मुकाट पुन्हा खाली घेतली. टाका असा आला की शिवणवालीने त्यावरून बोट फिरवून बघितलं.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"माझं चुकलं होतं," ताई म्हणाल्या. तिला वाटलं, सुईबद्दल बोलतायत.

आता सरळ मार्ग समोर होता, तरी ताईंनी आडवाट धरली. बुडत्याचा पाय खोलात. त्या खोट्या माणसाकडूनच त्यांनी माफी मागवली. "मी नीट विचार न करता बोललो. सुई आखूड असेल तर दांडी अशीच बसवावी लागते. वस्तादांचं काम योग्य आहे, क्षमा असावी." हे लिहीत होत्या तेव्हा शेजारी नवरा बसला होता. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याची नजर उलटं अक्षरही वाचते.

"हे कोण?" तो म्हणाला.

"कुणी नाही."

"कुणी नाही, आणि माफी मागतोय? आमच्याकडे चार ओळींचं हँडबिल छापायचं तरी खाली छापणाऱ्याचं नाव टाकावं लागतं बाई."

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा," ताई फटकन म्हणाल्या. त्याने ठेवलं. फार बोलणारा तो नव्हताच, पण नंतर जेवताना त्याने ताईंच्या ताटाकडे दोनदा बघितलं.

माफीला वस्तादांनी उत्तर दिलं, "चूक कबूल केलीत, आनंद वाटला." ताईंना हायसं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी ग्रुपवर हत्यारांची यादी टाकली. ज्याला जे हवं ते घेऊन जा.

ताईंनी घाईघाईने फोन लावला. "वस्ताद, तो माणूस तर माफी मागतोय. मग आता दुकान कशाला सोडायचं?"

"त्याचं काय घेऊन बसलीस?" वस्ताद म्हणाले. "तो कोण, कुठला. त्याच्या बोलण्याचं एक दिवस वाईट वाटलं, संपलं. पण तू तिथली मालकीण. खूण तुला दिसली नसेल, असं व्हायचं नाही. तू माझ्या बाजूने बोलली नाहीस आणि विरुद्धही बोलली नाहीस. त्यावरून मी काय ते समजलो."

"काय समजलात?"

"की आता मला सांभाळून घेतात."

ताईंनी फोन ठेवला. किल्लीवाल्याला 'दुकानाकडे लक्ष ठेव' म्हणाल्या, शटर ओढलं आणि पाऊण तासाची बस धरून जुन्या बाजारात गेल्या.

वस्ताद टेबलाशी बसून हत्यारं पुसत होते. वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत. समोरच्या स्टुलाकडे त्यांनी मानेने खूण केली. ताई बसल्या नाहीत.

"वस्ताद, तो माणूस नाहीये."

"कोण?"

"डोळ्यांचं लिहिणारा. तसा माणूसच नाही. ते मी लिहिलं. माफीही मीच लिहिली."

वस्तादांचा हात थांबला. मग पुन्हा फडकं फिरू लागलं, त्याच स्क्रू ड्रायव्हरवरून, जो आधीच पुसून झाला होता.

"तू," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"हो."

"सोळा वर्षं या टेबलाशी बसलीस. एकदा तरी तोंडावर बोलायचंस."

"तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत नाही, वस्ताद."

"आणि मी समजत होतो, माझं चुकतच नाही." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवला. "तुझं मत मला कळायला तुला परका माणूस व्हावं लागलं. इतका दरारा घालून ठेवला होता मी?"

ताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तीस वर्षांत त्या या माणसासमोर कधी रडल्या नव्हत्या. वस्तादांनी रडू दिलं, समजूत काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "दांडीचं काय? बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. मी ती खुणेवर नेली आणि टाके सुटायला लागले."

"चिठ्ठी वाचली नाहीस?"

"नंतर वाचली."

वस्तादांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं आणि गेलं. "बस आता," ते म्हणाले. ताई बसल्या. "आता डोळ्यांचं सांग. या खेपेला तुझ्या नावाने सांग."

ताईंनी डोळे पुसले. खोटं बोलून त्यांना खूश करणं सोपं होतं, आणि सोपं करण्याचे दिवस संपले होते.

"जवळचं गेलंय, वस्ताद. वर्षभरात तुमची तीन मशीनं माझ्याकडे आली. एकात दोऱ्याच्या टेन्शनची स्प्रिंग उलटी होती. एकात बॉबिन केसचा बारीक स्क्रू तिरका चढवलेला, आटे गेले होते."

"आणि तिसरं?"

"सुई उलटी लावली होती."

सुई उलटी. शिवायला शिकणारं पोरही ती पहिल्या दिवशी लावतं आणि दुसऱ्या दिवसापासून लावत नाही. वस्ताद आपल्या हातांकडे बघत बसले.

"मी नीट करून दिली," ताई म्हणाल्या.

"आत चिठ्ठी ठेवलीस?"

"नाही."

इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "का नाही? चूक माझी होती, तर ती माझ्या नावावर राहायला हवी होती. तू ती पुसून टाकलीस. मला कळायला मार्ग ठेवला नाहीस. डोळ्यांना चष्मा लावता आला असता, डॉक्टर बघता आला असता, वर्ष गेलं ते." मग आवाज खाली आला. "नंबर असतील त्यांचे. लाव."

ताईंनी पहिला नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. वस्तादांनी आधी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ताईंच्या लक्षात आलं, सगळे वस्ताद वस्ताद म्हणत राहिल्यामुळे हे नाव त्यांच्याच तोंडून ऐकायची वेळ कधी आली नव्हती. "तुमच्या मशीनची सुई मी उलटी लावून दिली होती," ते म्हणाले. "चूक माझी. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

पलीकडची बाई गोंधळली. "अहो, पण मशीन तर छान चालतंय."

"चालतंय ते माझ्यामुळे नाही."

असे तीन फोन झाले. तिसऱ्याने तर फोनवरच विचारलं, की मग माझं कापड फुकट गेलं त्याचं काय? वस्ताद म्हणाले, घेऊन या, बघू. फोन खाली ठेवल्यावर ते थकलेले दिसले, पण मघापेक्षा ताठ बसले होते.

"तीन म्हणजे पुष्कळ झाल्या," ते म्हणाले. "दुकान मी सोडणारच. तू सुद्धा आता नको म्हणू नकोस."

ताई नको म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणायचं होतं, जीव तुटत होता, पण ते खरं झालं नसतं.

"फक्त आता तू सांगितलंस म्हणून सोडतोय," वस्ताद म्हणाले. "तो कुणी नसलेला माणूस म्हणाला म्हणून नाही. हे मला चालेल." मग त्यांनी ताईंच्या फोनकडे बोट केलं. "आता तू."

ताईंनी ग्रुप उघडला. काय काय केलं ते लिहिलं. खोटा माणूस, चादर पसरून काढलेला फोटो, स्वतःच मंजूर केलेला अर्ज, खोटी माफी. वस्तादांचं काम बरोबर होतं आणि आपण ते बिघडवलं, हेही लिहिलं. ज्या माणसाने नियम लावला त्यानेच तो मोडला, तेव्हा आता ॲडमिन दुसरं कुणीतरी व्हावं, असं लिहिलं. लिहायला अर्धा तास लागला. वस्तादांना एवढं बारीक वाचता येईना, म्हणून त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "एक गाळलंस."

"काय?"

"ते वाक्य. लोकांनी ते वाचलंय. ते कुणाचं होतं, तेही त्यांना कळू दे. घाल."

ताईंनी घातलं. "वाच," वस्ताद म्हणाले.

त्या मंगळवारी दुपारी शटर ओढून लिहिताना त्या वाक्याला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आता ते तोंडाने म्हणायचं होतं, आपल्या आवाजात, आणि समोर ते बसलेले. "डोळ्यांनी साथ सोडली," ताई म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. वस्तादांनी नजर हलवली नाही, की 'राहू दे' म्हटलं नाही. तिसऱ्या वेळी ते वाक्य शेवटपर्यंत गेलं.

"आणि खाली?"

ताईंनी खालचं आपलं पूर्ण नाव वाचलं.

"पाठव," वस्ताद म्हणाले.